पाच सेकंदांचा फरक

धाकटा भाऊ दिवाळीला ओहायोहून आला तो फोनमध्ये तीन रायफलींचे फोटो घेऊनच. भाऊबीज झाली आणि आम्ही दोघं नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने जव्हारला, मामांकडे निघालो. मोखाड्याच्या आसपास उतारांवर खुरासणी पिवळीजर्द फुलली होती, वरच्या टेपाडांवर नागली पिकत आली होती आणि शेताशेतात राखणीचे माळे उभे होते. धाकट्याचं बाहेर लक्षच नव्हतं. "मामा सांगतील ती घेणार," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मामा सैन्यात आर्मरर होते. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बिघडलेल्या बंदुका उघडल्या, त्यामुळे बंदूक दिसली की ती कुठे बिघडेल हेच त्यांना आधी दिसतं. मी कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू टू डिलक्स चालवली आहे. २५ यार्डांवर पोटावर झोपून पाच गोळ्या, एवढाच माझा अनुभव. पुढे माझी आवड तिथेच थांबली आणि धाकट्याने ती उचलली. त्यामुळे या दोघांच्या मध्ये बसून ऐकण्याचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस चाललेलं ते बोलणं आठवेल तसं लिहितो आहे. जिथे मला स्वतःला काही वाटलं, तिथे तेही सांगेन.

"मामा, सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू टू घ्यायची आहे. नेमाला पक्की हवी आणि अडकणारी नको. कोणती घेऊ?"

धाकट्याने पुढे केलेला फोन मामांनी हातात घेतला नाही. "कशाला पाहिजे?"

"नेमबाजीला. शिकार वगैरे काही नाही."

"नेमबाजी काय एक प्रकारची असते? तुझी कोणती?"

मग धाकट्याने कॅम्प पेरीचं सांगितलं. ईरी सरोवराच्या काठावर नॅशनल गार्डचा तळ आहे, तिथे दर उन्हाळ्यात अमेरिकेचे राष्ट्रीय सामने भरतात. त्यातला एक सामना रिमफायर स्पोर्टर नावाचा. साध्या माणसांसाठी, दुकानात मिळणाऱ्या साध्या रायफलींचा. रायफल दुर्बिणीसकट साडेसात पौंडांच्या आत हवी, चाप किमान ३ पौंडांचा हवा. ५० यार्डांवर झोपून आणि बसून, २५ यार्डांवर उभं राहून. प्रत्येक पवित्र्यात १० गोळ्या सावकाश, १० घाईच्या. एकूण ६० गोळ्या, ६०० गुण.

"घाईच्या म्हणजे किती घाईच्या?"

"पाच-पाचच्या दोन फेऱ्या. सेमी-ऑटोमॅटिकला एका फेरीला २५ सेकंद, हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला ३०."

मामा सरसावून बसले. "बोल्टवाल्याला पाच सेकंद जास्तीचे देतात?"

"हो."

"मग प्रश्न कुठे उरला? बोल्टची घे."

धाकटा हसला नाही. हा नियम त्याने माझ्यापेक्षा आणि मामांपेक्षा कितीतरी जास्त वेळा मनात घोळवलेला असणार. "पाच सेकंद कागदावर जास्त आहेत, मामा. पण पाच गोळ्यांत चार वेळा बोल्ट ओढायचा. प्रत्येक ओढीला गाल दस्त्यावरून सुटतो, खांदा हलतो, जमवलेला श्वास मोडतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हात जागेवर राहतो. मला फक्त चाप आणि श्वास बघायचा."

"ज्याचा गाल सुटतो त्याने बोल्ट ओढायचा सराव केलेला नसतो. आमच्याकडे जुने हवालदार झोपल्या जागी बोल्ट ओढायचे, डोळा माशीवरून हलायचा नाही. असो. तुझं म्हणणं चूक नाही. पण त्या पाच सेकंदांच्या बदल्यात तू काय काय देऊन बसतोस, ते आधी मोजू."

असं म्हणून मामांनी जे मोजलं, ते मला तरी नवीन होतं. रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, तो बुडाच्या कडेच्या पोकळीत असतो. कारखान्यात ओला मसाला आत टाकतात आणि काडतूस गरगर फिरवून तो कडेत पसरवतात. एखाद्या जागी मसाला कमी पोचला आणि फायरिंग पिन नेमकी त्याच जागी आदळली, तर काडतूस फुटत नाही. ".२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं आहे," मामा म्हणाले, "आणि आजही त्याचा हा स्वभाव गेलेला नाही. महागड्या खोक्यात कमी, स्वस्त खोक्यात जास्त, एवढाच फरक. तेव्हा 'अडकणारी नको' हे तू रायफलीला सांगतोयस, पण निम्मं उत्तर काडतुसाने द्यायचं असतं."

"ते मला मान्य आहे. पण न फुटलेलं काडतूस बोल्टच्या रायफलीतही न फुटलेलंच राहणार."

"राहणार. पण बोल्टच्या रायफलीला चालायला काडतुसाची ताकद लागत नाही, माझा हात पुरतो. तुझ्या सेमी-ऑटोमॅटिकला काडतुसाचीच ताकद लागते."

इथे त्यांनी खिशातलं बॉलपेन उघडून आतली स्प्रिंग आणि रिफिल धाकट्याच्या तळहातावर ठेवली. ह्या रायफलींमध्ये बोल्टला कुलूप नसतं. बोल्टचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावर तो बंद राहतो. गोळी नळीतून पुढे निघते, त्याच दाबाने रिकामं काडतूस मागे बोल्टवर आदळतं, बोल्ट मागे जाता जाता रिकामं बाहेर फेकतो आणि स्प्रिंगने पुढे येताना मॅगझिनमधलं नवं उचलतो. या रचनेला ब्लोबॅक म्हणतात. भाग थोडे, म्हणून स्वस्त आणि टिकाऊ. पण काडतूस जरा कमजोर निघालं की बोल्ट अर्ध्या वाटेतून परत फिरतो आणि रिकामं काडतूस दारातच अडकतं.

"मग जोरदार काडतूस वापरायचं," मी मध्येच म्हणालो.

दोघांनीही माझ्याकडे एकाच वेळी पाहिलं. त्या क्षणी दोघं एका बाजूला होते.

जोरदार, म्हणजे हाय व्हेलॉसिटी काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३६५ ते ३९० मीटर वेगाने सुटते. ध्वनीचा वेग ३४० च्या आसपास. म्हणजे गोळी ध्वनीच्या पुढे सुटते आणि हवेने मंदावत पन्नास-साठ यार्डांच्या सुमारास पुन्हा ध्वनीच्या मागे येते. ती हद्द ओलांडताना तिला हवेचे धक्के बसतात आणि नेम पसरतो. सामन्यांसाठी बनवलेली काडतुसं म्हणून मुद्दाम हळू ठेवतात, ३२० ते ३३० मीटर, म्हणजे ती हद्द कधी ओलांडावीच लागू नये. गोळी तीच, ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम शिशाची.

आता पेच दिसतो. नेमाला हळू काडतूस हवं, यंत्राला जोरदार काडतूस हवं. सेमी-ऑटोमॅटिक रिमफायर निवडणाऱ्या माणसाने 'कुठल्या कंपनीची' हा प्रश्न विचारण्याआधी हा पेच स्वतःपाशी सोडवायला हवा, असं माझं मत त्या संध्याकाळी झालं आणि अजून तेच आहे. ज्या हळू काडतुसाने ती रायफल सगळ्यात नीट मारते, त्याच काडतुसाने ती न अडखळता फिरतेही, अशी रायफल आणि असं खोकं सापडलं की निवड झाली. बाकीचं सगळं त्यानंतर.

धाकट्याने मात्र ते काम केलेलं होतं. तो नुसते फोटो घेऊन आलेला नव्हता, हे मामांना हळूहळू कळत गेलं.

"क्लबात मित्राची रुगर १०/२२ आहे. १९६४ पासून बनते आहे, म्हणून सुटे भाग कुठेही मिळतात. मॅगझिन दहाचं, आत फिरतं चाक असतं, काडतुसं एकावर एक दाबली जात नाहीत, त्यामुळे भरताना क्वचित अडकते. नळी दोन स्क्रूंनी बसवलेली, खराब झाली तर मीच बदलू शकतो. मी त्या रायफलीतून चार प्रकारची काडतुसं मारून पाहिली. हळूवाली दोन होती. एकाने बोल्ट नीट फिरला, एकाने दर खोक्याला दोन-तीनदा अडकला. जे नीट फिरलं त्याचे ५० यार्डांवर पाच-पाचचे ग्रुप पाऊण ते एक इंचात आले."

"पाचच्या ग्रुपने फसशील. दहाचे मार. आणि मला सगळ्यात चांगला कागद दाखवू नकोस, सगळ्यात वाईट दाखव."

धाकटा गप्प झाला. मग म्हणाला, "वाईट कागद मी ठेवला नाही."

"हं."

त्या 'हं'मध्ये राग नव्हता. बावीस वर्षं लोकांनी दुरुस्तीला आणलेल्या बंदुकांबरोबर 'काल तर बरोबर चालत होती' हेच वाक्य ऐकलेल्या माणसाचा तो हुंकार होता.

मग चेंबरचं निघालं. सामन्याच्या रायफलीत काडतूस बसण्याची जागा इतकी घट्ट असते की गोळीचं टोक आधीच नळीतल्या खाचांना टेकतं. नेमाला ते उत्तम. पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तितकं घट्ट केलं, की गोळीवरचं मेण आणि जळलेल्या दारूची काजळी साचून बोल्ट पुरता बंद होत नाही आणि न मारलेलं काडतूस ओढून काढताना गोळी नळीतच राहून आतली दारू सांडू शकते. धाकट्याला याचंही उत्तर ठाऊक होतं. बेंट्झ नावाचं मधल्या मापाचं चेंबर असतं, सेमी-ऑटोमॅटिकसाठीच काढलेलं. मामांनी ते नाव दोनदा म्हणून घेतलं. त्यांच्या नोकरीत ते आलं नव्हतं, आणि माहीत नसलेली गोष्ट भाच्याकडून ऐकताना त्यांना जराही कमीपणा वाटला नाही.

"साफ कशी करणार?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. "बोल्टच्या रायफलीत बोल्ट बाहेर काढला की मागून सरळ वाट मोकळी. तुझ्या ह्या रायफलीला मागून वाट आहे का?"

"नाही. मागे बंद आहे."

"म्हणजे पुढून गज घालणार. गोळीचा नळीला होणारा शेवटचा स्पर्श तोंडापाशी असतो. तिथली कड गजाने घासली की सगळं गेलं. रायफल चांगली, काडतूस चांगलं, माणूस चांगला, आणि गोळी डावीकडे. अशा किती तरी मी पाहिल्या."

"गज नाही, पुलथ्रू वापरणार. दोरी मागून टाकायची, तोंडाने ओढून घ्यायची."

"आणि चिंदी?"

"चिंदी पण, मामा." एनसीसीत आम्हीही हाच शब्द वापरायचो. अमेरिकेत राहून धाकट्याला तो आठवत होता, याचा मला फार आनंद झाला.

हा सगळा वाद घालता आला तो धाकटा तिकडे राहतो म्हणून, हे इथे सांगायला हवं. तिथे अठरा वर्षांवरच्या माणसाला परवानाधारक दुकानात पार्श्वभूमी तपासून अशी रायफल मिळते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने वाट वेगळी आखली आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफल निर्बंधित वर्गात येते, जिल्हाधिकाऱ्याच्या नेहमीच्या परवान्यावर ती मिळत नाही. पॉइंट टू टू रायफलीचा उल्लेख त्या कायद्याच्या १३ व्या कलमात येतो तो मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाने टार्गेटवर सराव करण्यासाठी. इशापूरच्या कारखान्यात बनते ती स्पोर्टिंग रायफलही बोल्टची आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली उभी राहिली ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. या खेळाची आपल्याकडची घडण क्लबातून झाली. मला स्वतःला ही घडण योग्य वाटते, आणि त्याचं कारण त्याच रात्री दारात येऊन बसलं.

खोडाळ्याकडचे एक ओळखीचे शेतकरी जव्हारला कामाला आले होते, ते मुक्कामाला मामांकडे थांबले. जेवणं झाल्यावर त्यांनी फोनमधली रायफल बराच वेळ न्याहाळली. मग हळूच म्हणाले, "साहेब, ही आम्हाला मिळंल का हो? डुकरं ऐकत नाहीत. चार रात्री माळ्यावर काढल्या, पाचव्या रात्री डोळा लागला, तर अर्धी नागली लोळवली."

धाकट्याच्या तोंडून पटकन निघालं, "याने डुक्कर मरणार नाही, काका."

"मरणार नाही हेच वाईट," मामा म्हणाले. "अडीच ग्रॅमचं शिसं. जखम होईल, जनावर रानात शिरेल, चार दिवस तडफडेल आणि वाटेत जो भेटेल त्याच्यावर येईल. वर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय मारलं तर तुम्ही आत. तुम्ही पंचनामा करून घ्या, नुकसानीची भरपाई मिळते. मी येतो बरोबर."

"भरपाई यायची तेव्हा यील."

"मी बरोबर येतो म्हटलं ना."

मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. शेतकऱ्यांनीच विषय काढला. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, गावातली माणसं डुकराच्या शिकारीला गेली होती. अंधारात हालचाल दिसली, बार काढला आणि गेला तो त्यांच्यातलाच माणूस. पालघर जिल्ह्यात ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक आहे. माळ्यावर चार रात्री जागलेल्या माणसाची नजर कशी होते, हे त्या शेतकऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"त्या बार काढणाऱ्याच्या हातात सेमी-ऑटोमॅटिक असती तर?" मामांनी धाकट्याला विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"मामा, हा न्याय नाही. काय आहे ते नीट न बघता मारलं, हा दोष त्या माणसाचा."

"दोष माणसाचाच. मी माणसाबद्दलच बोलतोय. बोल्टच्या रायफलीत गोळी गेली की नळीत रिकामं काडतूस. पुढची गोळी आत घालायला मला ठरवावं लागतं, हात हलवावा लागतो. त्या एवढ्या वेळात माणसाला अक्कल येऊ शकते. तुझ्या रायफलीत एक गोळी गेली की दुसरी तयार बसलेली असते, तू ठरव अगर ठरवू नकोस. शिकणाऱ्याच्या हातात ही गोष्ट मला पसंत नाही. तुझ्या हातातही नाही, अजून."

मला वाटतं मामांचा सगळा आक्षेप या एका जागी होता. नेम, काजळी, गज, ह्या सगळ्या गोष्टी ते आर्मरर म्हणून बोलत होते. हे मात्र ते मामा म्हणून बोलले.

सकाळी धाकट्याने उत्तर आणलं. रात्रभर त्याने ते घडवलं असावं.

"मामा, राही सरनोबत कोल्हापूरची. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. ते पिस्तूल पॉइंट टू टूचं असतं, रिमफायर, आणि सेमी-ऑटोमॅटिक. मॅगझिनमध्ये पाच. जलद फेरीत टार्गेट तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद जातं. त्या तीन सेकंदांत हात वर उचलून एकच गोळी मारायची. दुसरी नळीत तयार असते, पण ती मारायची नाही. सात सेकंद थांबायचं. म्हणजे तुम्ही म्हणता तो थांबा तिथेही आहे. तो रायफलीत नाही, नेमबाजात आहे."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "हे बरोबर बोललास," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तिला तो थांबा कुणी शिकवला असेल?"

"सरावाने."

"कशाच्या सरावाने, ते मला बघायचंय."

शेजारच्या अंगणात एक मुलगी चिंचेच्या बोटकांवर गलोल मारत होती. मोखाड्याच्या आश्रमशाळेत आठवीत शिकते, दिवाळीच्या सुट्टीत तिच्या स्वतःच्या मामाकडे आलेली. एक खडा, मग वाकून दुसरा शोधायचा, गोल निवडायचा, पुसायचा, मग पुन्हा ताणायचं. पाचांतले तीन लागत होते. मामांनी बोट तिकडे दाखवलं, बोलले काही नाहीत. ती पोर प्रत्येक खड्यासाठी वाकत होती, आणि वाकून उठेपर्यंत मागचा खडा कुठे गेला होता हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिच्यासाठी काय करता येईल यावर मात्र दोघांचं लगेच जमलं. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटर लांबीचा एक व्हरांडा, मागे जाड पाट्या, एक रायफल आणि शिकवणारा माणूस, एवढ्यावर आश्रमशाळेत सुरुवात होऊ शकते. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, आणि तो घडला नाशिकच्या क्रीडाप्रबोधिनीत. मोखाड्याहून नाशिक काही दूर नाही. त्याच्या खेळातली रायफल पॉइंट टू टूच, पण एकेक काडतूस हाताने ठेवायचं, बोल्ट हाताने लावायचा. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्या आधी २०१० साली म्युनिचला तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं तेही अशाच एकेरी रायफलीने. कोल्हापूरने हे करून दाखवलं, मग जव्हार-मोखाड्याच्या पोरांच्या नजरेत काय कमी आहे, हा मामांचा प्रश्न मला रास्त वाटतो. जव्हारसारख्या जुन्या संस्थानाच्या गावाला राजवाडा आणि धबधबे पाहायला शेकडो गाड्या येतात, पण त्या मुलीने एअर रायफल अजून हातात धरलेली नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामांनी स्वतःच विषय पुन्हा काढला. "तुझा तो सामना बघता सेमी-ऑटोमॅटिक घे. मी अडवत नाही. पण जरा ऐक. पहिली पाचशे काडतुसं मॅगझिनमध्ये एकच भरून मारायची. एक भर, एक मार, मॅगझिन काढ, पुन्हा एक भर."

"पाचशे?"

"पाचशे. शेवटची गोळी गेली की तुझी ती रायफल उघडी राहते का?"

"नाही. बोल्ट बंद होतो."

"म्हणजे ती रिकामी आहे की भरलेली, हे दिसत नाही. एकेक भरशील तर मोजायची सवय लागेल. दुसरं, चाप."

"हलका चाप मिळतो. अडीच-पावणेतीन पौंडांचा."

"तुझा सामना तीनचा म्हणतो."

धाकट्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. जो नियम त्यानेच आदल्या दिवशी सांगितला होता, तोच त्याला मामांकडून परत मिळाला. कारखान्याचा चाप जड, बाजारातला नियमाच्या खाली. तेव्हा आधी जड चापावरच सराव करायचा आणि नंतर वजनाने तपासून तीनच्या जरा वर बसेल असाच बदलायचा, असं ठरलं.

"आणि आवाजाकडे लक्ष. नेहमीच्या कडाक्याऐवजी 'फुस्स' झालं, तर तिथेच थांब. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्टवाला थांबतो, कारण त्याला थांबावंच लागतं. तुझा बोल्ट फिरून नवं काडतूस आत घालू शकतो. त्याच्यावर चाप ओढलास तर नळी फाटेल. आणि नुसतं न फुटलेलं असेल तर तोंड टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट मोज, मग काढ."

"हो."

"मॅगझिनं किती घेणार?"

"तीन."

"तिन्हींना रंगाने नंबर घाल. एक, दोन, तीन. आणि वही ठेव. काडतुसाच्या खोक्यावरचा लॉट नंबर, कोणतं मॅगझिन, किती मारली, किती अडकली, कशी अडकली. फुटलं नाही, भरलं नाही, की रिकामं बाहेर पडलं नाही. रायफल खराब म्हणणाऱ्या दहांतल्या निम्म्यांचं मॅगझिन खराब असतं. ओठ वाकलेले असतात, नाहीतर आत मेण साचलेलं असतं. नंबर नसेल तर कळणार कसं?"

हे सांगताना मामांनी कुठल्याही कंपनीचं नाव घेतलं नाही. धाकट्याच्या फोनमधले तिन्ही फोटो शेवटपर्यंत त्यांनी पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्या शेतकऱ्यांबरोबर खोडाळ्याच्या जीपमध्ये बसून गेले, पंचनाम्याला. आम्ही निघालो तेव्हा ते घरी नव्हते.

डिसेंबरच्या मध्यावर धाकट्याचा मेसेज आला. रायफल घेतली होती, १०/२२च, साधी. पाचशे काडतुसं एकेक करून मारली होती. त्याला सव्वा महिना लागला. मग पहिल्यांदा मॅगझिनमध्ये पाच-पाच भरून तीनशे मारली. हळू काडतूस, एकच लॉट. सात वेळा अडकली. दोनदा फुटलं नाही, पाचदा नवं काडतूस वर चढलं नाही. सोबत एका कागदाचा फोटो, दहाच्या ग्रुपचा, ५० यार्डांचा. पसरट होता, दोन गोळ्या बऱ्याच बाहेर. खाली त्याने लिहिलं होतं, 'सगळ्यात वाईट हा.'

मी तो मेसेज मामांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी सात आकडा ऐकला, कागदाचं वर्णन ऐकलं. बाहेर गिरणीचा आवाज येत होता, नागली दळून आणायला गेले होते बहुतेक.

"पाचदा भरलं नाही," ते म्हणाले, "ते कुठल्या नंबरात, ते लिहिलंय का त्याने?"

मी मेसेज पुन्हा वर सरकवून पाहिला. लिहिलं होतं. पाचही वेळा तीन नंबर.